ज्येष्ठमधाच्या एका डबीची पारख



या तिमाहीच्या अभ्यासाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. वाडीवरच्या कामाच्या पत्रिकेत चेहऱ्याला लावायच्या मलमाचे काय काम? पण गेले काही महिने हा प्रश्न आपल्या कार्यसमितीसमोर होता आणि तो तपासून पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे दिली होती. म्हणून काय तपासले, काय कळले आणि काय ठरले, ते सविस्तर लिहिते. महिला मंडळाने आणि तरुण संघाने हा पाठ एकत्र बसून वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

प्रश्न कसा पुढे आला

फेब्रुवारीतला रविवार होता. कॅम्प नं. ३ मधली आपली उपासना आटोपून सगळे चहाला थांबले होते. एका हितचिंतक बंधूंनी माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. आत पिवळसर मलम, वास किंचित गोडसर.

"ताई, हे ज्येष्ठमधाचं आहे. त्वचेची आग शमते आणि रंगही उजळतो. बाजारात याला फार मागणी आहे. आपल्या वाडीवरच्या बायांना करायला शिकवा. डबीवर 'आदिवासी महिलांनी बनवलेले' असं छापू. नाताळच्या विक्रीत दोनशे डब्या मी एकटा घेतो."

बोलणे मनापासूनचे होते. उल्हासनगरात ते नवीनही नाही. १९४९ साली निर्वासितांच्या या छावणीचे उल्हासनगर झाले. हातात काही नसलेल्या माणसांनी घरच्या एका खोलीत वस्तू बनवून आणि त्या बाजारात विकून इथे संसार उभे केले. मग वाडीवरच्या बायांनी का करू नये?

पैशाची गरजही खरी आहे. मलंगगडाच्या पायथ्याशी ज्या कातकरी वाडीवर आपण जातो, तिथली बहुतेक कुटुंबे पावसाळ्यात वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर राहायला जातात. उचल फिटेपर्यंत तिथून पाय निघत नाही, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. बायांच्या हाती घरी राहून चार पैसे आले, तर एखादे कुटुंब त्या उचलीतून सुटेल. म्हणून मी ती सूचना हसण्यावारी नेली नाही.

पण त्याच आठवड्यात वाडीवरची एक मुलगी माझ्याकडे आली. वय सतरा. गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसाव्यात, हनुवटीवर पुरळ. उन्हात गेली की चेहऱ्याची आग आग होई. बाजारातल्या एका टपरीवरून घेतलेली क्रीम ती सहा महिने लावत होती. क्रीमवर बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही. 'जडीबुटीची आहे, काही होत नाही' एवढे तोंडी आश्वासन. तिला सरकारी रुग्णालयात नेले. त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोरं व्हायची क्रीम लावत होतीस का?" त्यांच्या मते हा स्टिरॉइडचा परिणाम होता.

परतताना रिक्षात मी तिला विचारले, का लावलीस? ती बाहेर बघत म्हणाली, "शाळेत मला कोळसाभट्टी म्हणायची."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्यांचे. पुढे रानात लाकडाचा कोळसा पाडण्याचे कामही याच लोकांनी केले. म्हणजे त्या पोरांनी तिचा रंग आणि तिच्या आजोबांचे कष्ट, दोन्हींची एकाच शब्दात चेष्टा केली होती.

त्यामुळे डबीची तपासणी करताना मला दोन प्रश्नांची उत्तरे हवी होती. ज्येष्ठमध सांगितले जाते ते खरेच करते का? आणि करत असले, तरी आपण ते या नावाने विकावे का?

पहिली पायरी: दावा वेगळा करून पाहणे

'आग शमवते आणि रंग उजळते' हे एका दमात बोलले जाते, पण हे दोन दावे आहेत. शिवाय 'उजळणे' या शब्दात पुन्हा दोन अर्थ दडलेले आहेत. एक, उन्हाने, मुरुमाने किंवा वांगाने पडलेले काळे डाग कमी होऊन त्वचा आपल्या मूळ रंगावर येणे. दुसरा, मूळ रंगच बदलून माणूस गोरा होणे. विकणारा पहिल्या अर्थाचा पुरावा दाखवतो आणि घेणारी दुसऱ्या अर्थाची आशा घेऊन घरी जाते. म्हणून मी कागदावर तीन ओळी लिहिल्या: आग-खाज शमणे, डाग फिके होणे, जन्माचा रंग बदलणे. प्रत्येकाचा पुरावा स्वतंत्र शोधायचा.

दुसरी पायरी: वस्तू कोठली, ती काय आहे

ज्येष्ठमध म्हणजे एका शेंगावर्गीय झुडपाचे मूळ. संस्कृतात यष्टिमधु, म्हणजे गोड काडी. घसा बसला की आपण जी काडी चघळतो तीच ही. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या मुलखात ते वाढते. आपल्याकडच्या बाजारात येणारे ज्येष्ठमध मुख्यतः बाहेरच्या देशांतले असते. ठाणे जिल्ह्याच्या रानात ते उगवत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्याचा उपयोग मात्र जुना आहे. चरकसंहितेत 'वर्ण्य' म्हणजे कांतीसाठी हितकर अशा दहा द्रव्यांच्या गटात चंदन, वाळा, मंजिष्ठा यांच्या बरोबरीने ज्येष्ठमध येते. जुना वापर हा तपासणी सुरू करण्याचे चांगले कारण आहे. तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

मुळात कामाची द्रव्ये अनेक आहेत. गोडी येते ती ग्लिसरायझिनमुळे. ते पाण्यात विरघळते, आणि सूज व लाली कमी करण्याचा गुण मुख्यतः त्याच्याशी जोडला जातो. दुसरे ग्लॅब्रिडिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यासाठी अल्कोहोलसारखे द्रावण लागते. रंगाशी संबंध आहे तो याचा.

तिसरी पायरी: त्वचेत काय घडते

त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि ते त्वचेत कसे पसरते, यात. उन्हाच्या माऱ्यापासून आतल्या पेशींचे रक्षण करणे हे मेलॅनिनचे काम. भट्टीवर दिवसभर विटा थापणाऱ्या बाईची सावळी त्वचा हा दोष नाही, तिच्या शरीराने तिच्यावर धरलेली छत्री आहे.

मेलॅनिन बनताना टायरोसिनेज नावाचे एक विकर लागते. ग्लॅब्रिडिन या विकराच्या कामात अडथळा आणते. म्हणजे नवे मेलॅनिन कमी बनते. आधी बनलेले वरच्या थरांबरोबर हळूहळू झडून जाते, आणि त्याला महिनाभर किंवा अधिक काळ लागतो. 'सात दिवसांत गोरेपणा' असे कोणी सांगत असेल, तर त्वचेचा हा हिशेबच त्याला खोटे पाडतो.

आणखी एक गोष्ट सावळ्या त्वचेच्या आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायची. आपल्या त्वचेला कोणताही दाह झाला, मग तो मुरुमाचा असो, खरचटल्याचा असो की झोंबणाऱ्या क्रीमचा, तर मागे काळा डाग राहतो. त्यामुळे उजळण्यासाठी लावलेली झोंबणारी वस्तू बहुधा काळे डागच देऊन जाते. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय तर बंदच करावा. लिंबाचा रस आणि ऊन मिळून त्वचा भाजू शकते.

चौथी पायरी: पुरावा

येथे शास्त्रभाग वाचावा: दानीएल १:८–१६. आपण हा भाग नेहमी निष्ठेचा धडा म्हणून वाचतो. या वेळी परीक्षा कशी घेतली तेवढेच पाहा. दहा दिवसांची मुदत आधी ठरली. चार तरुणांनी भाजीपाला आणि पाणी घेतले, बाकीच्यांनी राजाचे अन्न. मुदत संपल्यावर दोघांचे चेहरे शेजारी ठेवून पाहिले गेले. आणि पाहणारा दानीएलाचा मित्र नव्हता, तो कारभारी होता. मुदत, तुलना आणि तिऱ्हाइताची नजर, या तिन्ही गोष्टी ज्या दाव्याच्या मागे नाहीत तो दावा कच्चा समजावा.

या कसोटीवर ज्येष्ठमधाचे काय होते?

रंगाबाबत १९९८ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेले काम पुष्कळदा सांगितले जाते. ग्लॅब्रिडिनने काचेच्या भांड्यातल्या रंगपेशींत टायरोसिनेजचे काम घटले, आणि अर्धा टक्का ग्लॅब्रिडिन लावलेल्या गिनीपिगच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारा काळेपणा कमी आला. चांगली सुरुवात, पण ती माणसावरची परीक्षा नव्हे.

माणसावरची एक परीक्षा इजिप्तमधली, २००० साली प्रसिद्ध झालेली. वांग असलेल्या वीस स्त्रियांनी चार आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला ज्येष्ठमधातल्या लिक्विरिटिन या द्रव्याचे मलम लावले आणि दुसऱ्या बाजूला तेच मलम, पण त्या द्रव्याविना. औषध लावलेल्या बाजूचा वांग बहुतेकींमध्ये स्पष्ट कमी झाला. तुलना उत्तम, पण स्त्रिया वीसच आणि काळ महिनाभराचाच.

आग आणि खाज यांबाबत इराणमधली २००३ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा आहे. त्वचेच्या जुनाट खाजऱ्या इसबाच्या रुग्णांचे तीस-तीसचे गट पाडून दोन आठवडे ज्येष्ठमधाच्या अर्काचे जेल दिले. लाली, सूज आणि खाज कमी झाली. एक टक्का अर्कापेक्षा दोन टक्के अर्काचा गुण जास्त आला.

हे सगळे एकत्र करून मी समितीला असा निकाल दिला:

आग-खाज शमणे: योग्य अर्क योग्य प्रमाणात असेल तर होय, पुरावा बरा आहे.

वांग व काळे डाग फिके होणे: थोडेफार, हळूहळू, आणि उन्हापासून बचाव केला तरच. पुरावा आशादायक, पण लहान.

जन्माचा रंग बदलणे: नाही. असा पुरावा मला कोठे मिळाला नाही. मिळाला असता तरी आपल्या कामाला तो नको होता.

पाचवी पायरी: प्रमाणाचा हिशेब

पुरावा अर्काचा आहे आणि आपल्या हितचिंतकांची कृती होती चूर्णाची: पन्नास ग्रॅम मलमात चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम ज्येष्ठमध पूड. हिशेब करू. मुळात ग्लॅब्रिडिन साधारण ०.१ ते ०.३ टक्के असते. ०.२ टक्के धरले, तर पाच ग्रॅम पुडीत ०.०१ ग्रॅम. गिनीपिगच्या परीक्षेतले अर्धा टक्का प्रमाण पन्नास ग्रॅम मलमात आणायचे, तर ०.२५ ग्रॅम लागेल, म्हणजे पंचवीसपट. आणि पुडीतले ते थोडेसे द्रव्यही मुळाच्या तंतूंत अडकलेले. त्वचेपर्यंत किती पोचेल ते आपणच ठरवा.

शिवाय पाणी असलेल्या मलमात वनस्पतीची पूड घातली आणि ते टिकवण्याची नीट सोय केली नाही, तर बुरशी आणि जंतू धरतात. डबी उघडून रोज बोट घातले जाते. आपल्या हवेत चैत्र-वैशाखात अशा डबीचे काय होईल, हे घरी लोणचे घालणाऱ्या प्रत्येक बाईला कळेल.

सहावी पायरी: स्वतःवर परीक्षा

वाडीवरच्या बायांना लावून पाहू, असे समितीत एकाने सुचवले. मी नाही म्हटले. ज्या बाईला आपल्याकडून धान्य आणि मुलांच्या वह्या मिळतात, ती आपल्याला 'नको' म्हणू शकत नाही. तिच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

म्हणून स्वतःपासून सुरुवात केली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर थोडेसे लावून पाहिले. खाज, लाली काही आली नाही. मग चार आठवडे एका हातावर ते मलम आणि दुसऱ्यावर साधे खोबरेल. कोणत्या हाताला काय, हे मी माझ्या मुलीला आणि शेजारच्या वहिनींना सांगितले नाही, कारण निकाल त्यांनी द्यायचा होता.

महिन्यानंतर मुलगी म्हणाली, डावा उजळ आहे. वहिनी म्हणाल्या, मला दोन्ही सारखेच वाटतात. खरे तर दोन्ही हात पूर्वीपेक्षा थोडे उजळ दिसत होते. याचे कारण मला नंतर सुचले. लोकांनी हाताला काय फासलेय म्हणून विचारू नये, यासाठी मी महिनाभर पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालून वाडीवर जात होते. गुण आला होता तो कापडाचा. एकाच हाताला मलम लावून, दुसरा न बघता मी साक्ष दिली असती, तर ज्येष्ठमधाचा मोठा चमत्कार तुम्हाला सांगितला असता. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण साक्ष किती सहज फसते, हे मला त्यातून कळले.

सातवी पायरी: डबीत आणखी काय आहे

वनस्पती निर्दोष असली, तरी डबी निर्दोष असतेच असे नाही. २०२२ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना सूज आली. तिघीही एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. पाराही मेलॅनिन बनणे अडवतो, म्हणून रंग झटपट उतरल्यासारखा वाटतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळातल्या डॉक्टरांनीही अशा क्रीम वापरणाऱ्यांतल्या मूत्रपिंडाच्या आजाराची नोंद केली आहे.

पाऱ्यावर जगभर बंधने आहेत. २०१३ च्या मिनामाता कराराने सौंदर्यप्रसाधनांतल्या पाऱ्यावर मर्यादा आणली आणि भारताने २०१८ साली त्या कराराला मान्यता दिली. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. दुसरा धोका स्टिरॉइडचा. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, थोड्या दिवसांसाठी वापरायची असतात. 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या डबीत ती असली, तर घेणारीला कळायला मार्ग नाही. आपल्या वाडीवरच्या मुलीला कळला नव्हता.

मी आपल्या हितचिंतकांना विचारले, यात ज्येष्ठमधाशिवाय काय आहे? ते प्रांजळपणे म्हणाले, "ज्याच्याकडून शिकलो त्याने तयार पांढरी क्रीम आणायला सांगितली होती, त्यात पूड मिसळली. क्रीममध्ये काय ते मलाही ठाऊक नाही." त्यांच्या डबीत पारा किंवा स्टिरॉइड होते, असे मी म्हणत नाही. काय होते ते कोणालाच सांगता येत नव्हते, एवढेच म्हणते.

कायद्याचीही बाजू आहे. विक्रीसाठी मलम, क्रीम, साबण बनवायचा, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा, माणसे, तपासणी यांच्या अटी असतात. परवान्याविना विकले आणि कोणाला त्रास झाला, तर नोटीस येईल ती बचत गटाच्या अध्यक्ष बाईच्या नावाने. तिला धड सहीही येत नाही.

वाडीवरचे बोलणे

समितीने ठरवण्याआधी बायांना विचारावे, असे मला वाटले. ज्यांच्या नावाने डबी विकायची त्यांनाच कोणी विचारले नव्हते. एका दुपारी मोहाच्या झाडाखाली बसून मी सगळे सांगितले: किती पैसे मिळू शकतात, कोणते धोके आहेत, डबीवर काय छापायचे आहे.

एक म्हातारी मावशी काडी हातात घेऊन चघळत होती. म्हणाली, "गोड हाय. पण हे आमच्या रानात होत नाय. मंग आमचं नाव कशाला?"

तीन महिन्यांच्या माझ्या अभ्यासात जे मी सर्वांत शेवटी लिहिले असते, ते तिने पहिल्या वाक्यात सांगितले. दूरदेशीचे मूळ, बाजारातली क्रीम आणि वर आदिवासी बाईचे नाव. नीतिसूत्रांच्या पुस्तकात (११:१) खोट्या तराजूबद्दल जे म्हटले आहे ते अशाच मालाला लागू पडते. वजन पुरेपूर भरले, तरी वरचे नाव खोटे होते.

"मग काय करावं?" मी विचारले. दुसरी म्हणाली, "ताई, मलम नको. आमची भाजी घेऊन बसायला जागा द्या. बाजारात बसलो की उठवतात."

आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या आधाराने रानातली गुळवेल गोळा करून विकण्याचे काम मोठे केले आहे. तिथे वस्तू त्यांच्या रानातली, ओळख त्यांची आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्कही त्यांचा. आपल्या वाडीचे काम लहान असेल, पण ते त्याच वाटेचे असावे.

आम्ही काय ठरवले

एक. मलम बनवायचे नाही आणि आपल्या विक्रीत उजळपणाची कोणतीही क्रीम ठेवायची नाही.

दोन. जूनपासून पावसाळ्याचे चार महिने दर रविवारी उपासनेनंतर वाडीवरच्या बाया आपल्या आवारात शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोळी, करांदे अशा हंगामातल्या रानभाज्या घेऊन बसतील. भाव त्या ठरवतील. ही देणगी नव्हे, त्यामुळे सुटे पैसे घेऊन यावे आणि बाजारासारखीच खरेदी करावी.

तीन. वाडीवरच्या आरोग्य भेटीत त्वचेचीही विचारपूस होईल. विशेषतः फिकट चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श किंवा टोचणे जाणवत नसेल, तर त्यावर कोणतेही मलम न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि वेळेत घेतले तर तो पूर्ण बरा होतो. डाग झाकण्याच्या नादात हीच वेळ हातची जाते.

हितचिंतक बंधू थोडे नाराज झाले. "चांगल्या मनाने आणलं होतं," ते म्हणाले. मला ते मान्य आहे आणि मी ते या पत्रिकेत लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी भाजीवाल्या बायांसाठी मोठी ताडपत्री आणून दिली.

घरी वापरण्याबद्दल

तुमच्यापैकी कोणाला डाग किंवा वांग असेल, तर आधी ऊन टाळा: छत्री, पदर, पूर्ण बाह्या, जमल्यास सनस्क्रीन. याविना कोणतेच मलम टिकत नाही. ज्येष्ठमधाच्या अर्काची क्रीम घ्यायची असेल, तर परवाना क्रमांक, घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख पाहूनच घ्या. आठवडाभर कोपराच्या आत लावून बघा. सात दिवसांत रंग बदलला, तर आनंद मानू नका, क्रीम थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी ज्येष्ठमध पोटात नेमाने, जास्त घेऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते.

शेवटी त्या मुलीबद्दल

क्रीम बंद केल्यावर काही आठवडे चेहरा अधिक बिघडेल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तसेच झाले. ती आरशाकडे बघत नव्हती. आता लाली उतरली आहे, पुरळ कमी आहे. मागच्या भेटीत तिने विचारले, "ताई, मी आता पहिल्यासारखीच दिसणार?" मी म्हटले, "हो, अगदी पहिल्यासारखी." मला वाटले ती आनंदेल. ती गप्प बसली.

त्या गप्प बसण्याला माझ्याकडे मलम नव्हते. गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात उन्हात राबून काळी झालेली एक तरुणी आपल्या रूपाबद्दल निःसंकोच बोलते. तो भाग मी तिला वाचून दाखवला असता, पण आधी तो मला आपल्याला वाचून दाखवावासा वाटतो. १९७५ पासून चाललेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. आपल्या मंडळीतल्या वधू-वर सूचक अर्जावर 'वर्ण' हा रकाना आजही आहे. त्या पोरांनी शाळेत तिला जे म्हटले, ते कोठून शिकले, हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. तो रकाना काढून टाकावा, अशी विनंती मी पाळकसाहेबांना आणि समितीला लेखी दिली आहे. पुढच्या बैठकीत ती चर्चेला येईल. आपले मत कळवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएल १:८–१६ मधल्या परीक्षेत कोणत्या गोष्टी आधी ठरवल्या होत्या? आपल्या घरातल्या एखाद्या औषधाची किंवा क्रीमची अशी परीक्षा आपण कधी घेतली आहे का?

२. घरातल्या तीन डब्या आणा. घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि तारीख कोणत्या डब्यांवर आहे?

३. 'उजळ' हा शब्द आपण कोणकोणत्या अर्थांनी वापरतो? मुलींसमोर तो शेवटचा कधी वापरला?

४. ज्याला आपण मदत करतो, तो आपल्याला 'नको' म्हणू शकतो का? आपल्या कामात त्यासाठी काय सोय आहे?

५. अर्जावरचा 'वर्ण' हा रकाना ठेवावा की काढावा? कारणासह सांगा.

सेवेतील तुमची बहीण